जोडीदाराच्या क्रमांकावरचा संसार: टेनिसमध्ये दुहेरीचा तळचा खेळाडू जगतो कसा?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन ओपनच्या आयोजकांनी मिश्र दुहेरीची स्पर्धा मुख्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात हलवली आणि अवघ्या दोन दिवसांत संपवली. पूर्वी तीत ३२ जोड्या खेळत असत. या वेळी १६ च ठेवण्यात आल्या. त्यांतल्या आठ जोड्यांना खेळाडूंच्या एकेरीतील क्रमवारीवर प्रवेश मिळाला आणि उरलेल्या आठ आयोजकांच्या निमंत्रणावर आल्या. विजेत्या जोडीचे बक्षीस दोन लाख डॉलरवरून एकदम दहा लाख डॉलरवर गेले. आदल्या वर्षीचे विजेते असलेल्या सारा एर्रानी आणि आंद्रेआ वावास्सोरी या इटालियन जोडीलाही निमंत्रण मिळाले म्हणूनच खेळता आले. त्यांनी एकेरीतल्या मोठ्या नावांना मागे टाकत अंतिम सामन्यात इगा श्वियाँतेक आणि कास्पर रूड यांना हरवले व विजेतेपद राखले.

बातमी वाचून अनेकांना प्रश्न पडला की, दुहेरीच्या स्पर्धेत एकेरीचा क्रमांक कसा काय चालतो, आणि गतविजेत्यांना निमंत्रणाची वाट का पाहावी लागते? या प्रश्नाचे खरे उत्तर विजेत्यांकडे पाहून मिळत नाही. त्यासाठी क्रमवारीत शंभराव्या, दोनशेव्या, तीनशेव्या जागी असलेल्या दुहेरीच्या खेळाडूकडे पाहावे लागते, कारण ज्या नियमाने एर्रानी आणि वावास्सोरी यांना एकदा दारात उभे केले, त्याच्या निरनिराळ्या रूपांवर या खेळाडूचा दर आठवडा ठरतो. हा लेख प्रामुख्याने पुरुषांच्या टेनिसविषयी आहे. महिलांच्या टेनिसमध्ये गुणांचे आकडे वेगळे आहेत, पण घडी साधारण तीच आहे.

स्पर्धांची उतरंड

व्यावसायिक टेनिस म्हणजे माठांची उतरंड समजावी. सर्वांत वर चार ग्रँड स्लॅम स्पर्धा आहेत: ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन. त्यांच्या खाली एटीपी या पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेच्या १०००, ५०० आणि २५० दर्जाच्या स्पर्धा येतात. त्याखाली चॅलेंजर स्पर्धा असून त्यांचे १७५ पासून ५० पर्यंत पाच दर्जे आहेत. अगदी तळाला आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, एम-२५ आणि एम-१५ स्पर्धा असतात. नावातला आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे गुण, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. फक्त ग्रँड स्लॅमच्या नावात आकडा नसतो. तिथल्या विजेत्याला २००० गुण मिळतात.

महाराष्ट्राने यातल्या दोन पायऱ्या जवळून पाहिल्या आहेत. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडानगरीत २०१८ पासून २०२३ पर्यंत, करोनामुळे हुकलेले २०२१ चे वर्ष सोडून, २५० दर्जाची स्पर्धा होत असे. २०१९ मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी तिथे दुहेरीचे विजेतेपद मिळवले होते. ती स्पर्धा पुण्याहून गेली, पण २०२४ आणि २०२५ मध्ये त्याच कोर्टांवर १०० दर्जाची चॅलेंजर स्पर्धा झाली. ज्याला दुहेरीच्या खेळाडूचे खरे आयुष्य समजून घ्यायचे आहे त्याने चॅलेंजर स्पर्धा पाहावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

क्रमवारी म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम निकालांच्या गुणांची बेरीज. शेतकऱ्याच्या घरातल्या धान्याच्या कणगीसारखा हा हिशेब आहे. या आठवड्याला जे कमावले ते वरून ओतले जाते आणि गेल्या वर्षी याच आठवड्यात जे कमावले होते ते खालून काढून घेतले जाते. गेल्या मार्चमध्ये एखाद्याने चॅलेंजर जिंकली असेल, तर या मार्चमध्ये तेवढेच पुन्हा कमावल्याशिवाय त्याची पातळी आहे तिथे राहत नाही. खेळाडू आजारी पडला, गुडघा दुखावला किंवा व्हिसा वेळेवर आला नाही, तरी खालून काढणे थांबत नाही. दीर्घ दुखापतीसाठी जुना क्रमांक काही काळ वापरू देण्याची सोय आहे, पण दोन-तीन आठवड्यांच्या आजारपणाला तिचा उपयोग नसतो.

एका बैलाची शेती

एकेरीत खेळाडूचा क्रमांक त्याचा एकट्याचा असतो. दुहेरीतही क्रमवारी प्रत्येकाची स्वतंत्रच असते. फरक स्पर्धेत प्रवेश मिळवताना पडतो, कारण तिथे दोघांच्या क्रमांकांची बेरीज पाहतात. बेरीज जितकी लहान तितकी जोडी यादीत वर. ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत ६४ जोड्या असतात. त्यांतल्या काही जागा निमंत्रितांसाठी राखीव ठेवतात. बाकीच्या जागा या बेरजेवर भरल्या जातात आणि दोघांची बेरीज साधारण दीडशेच्या आसपास असेल तर आत जाण्याची आशा धरता येते. २५० दर्जाच्या स्पर्धेत तर सोळाच जोड्या असतात, म्हणजे अख्ख्या जगातून बत्तीस माणसे.

गावाकडे ज्या शेतकऱ्याजवळ एकच बैल असतो तो दुसऱ्या तशाच शेतकऱ्याशी सावड करतो. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल, एकच औत. नांगरट चांगली व्हायची तर बैल तोलामोलाचे लागतात. माझा बैल कितीही धडधाकट असला तरी सावडीतला दुसरा बैल लंगडू लागला की माझ्या रानातले काम थांबते. दुहेरीच्या तळच्या खेळाडूची स्थिती अशी असते. त्याचा क्रमांक ९० असेल आणि जोडीदाराचा ६०, तर बेरीज १५० होते आणि विम्बल्डनच्या दाराची कडी हाती लागते. तोच जोडीदार घसरून १३० वर गेला, तर आमच्या खेळाडूने काहीही वाईट न खेळता त्याची बेरीज २२० होते आणि विम्बल्डनऐवजी त्याला त्या पंधरवड्यात चॅलेंजरची वाट धरावी लागते. जो साठाव्या जागेवर टिकून आहे, त्याला साहजिकच आपल्यापेक्षा वरचा जोडीदार हवा असतो. म्हणजे नव्वदाव्या क्रमांकाच्या खेळाडूला ज्याची गरज असते, तो नेहमी वरच्याकडे पाहत असतो.

त्यामुळे जोड्या जमणे आणि मोडणे हा या व्यवसायाचा रोजचा भाग आहे. एखादी जोडी चार महिने उत्तम खेळते, दोघांचे मैत्र जमते, एकाला वरच्या क्रमांकाच्या खेळाडूकडून विचारणा होते आणि तो जातो. यात कुणी कुणाचा विश्वासघात केला असे त्या वर्तुळात फारसे मानत नाहीत, कारण ज्याला आज सोडले त्यालाही उद्या तसेच करावे लागणार असते. पण खेळाच्या दृष्टीने हे मोठे नुकसान आहे. जोडीदाराची सर्व्हिस कुठे पडली की आपण कुठे सरकायचे, हे अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि तळच्या खेळाडूला तेवढे महिने क्वचितच मिळतात.

या बेरजेत आणखी एक मेख आहे. मुख्य दौऱ्यावरच्या स्पर्धांत प्रवेशासाठी खेळाडू आपला दुहेरीचा किंवा एकेरीचा, जो चांगला असेल तो क्रमांक वापरू शकतो. एकेरीत ४० आणि ५० व्या क्रमांकावर असलेल्या दोघांनी वर्षभर दुहेरी खेळली नसली, तरी त्यांची बेरीज ९० धरली जाते आणि ८५ अधिक ८५ अशी १७० ची दुहेरीत मुरलेली जोडी बाहेर राहते. मोठ्या स्पर्धांच्या आधी एकेरीचे खेळाडू सरावासाठी दुहेरीत नाव घालतात आणि एकेरीत पुढे गेले की काही वेळा ऐनवेळी माघारही घेतात. मग बदली जोड्यांची यादी हलते. तिकीट वेटिंगवर असताना फलाटावर सामान घेऊन उभे राहावे, तशा काही जोड्या रॅकेटच्या बॅगा घेऊन स्पर्धेच्या कचेरीबाहेर थांबलेल्या असतात. कुणी माघार घेतली नाही, तर त्यांचे विमानाचे भाडे आणि हॉटेलचा खर्च वाया जातो.

जोडीदाराच्या क्रमांकावर अवलंबून राहण्याची उजळ बाजूही सांगितली पाहिजे. ऑलिम्पिकमध्ये दुहेरीच्या पहिल्या दहांतल्या खेळाडूला आपल्या देशातला जोडीदार बराच खालून निवडता येतो. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सानिया मिर्झाबरोबर सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे खेळली ती या नियमामुळे. दोघींनी २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले होतेच. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला बोपण्णाबरोबर श्रीराम बालाजी गेला तोही असाच. जोडीदाराचा क्रमांक माणसाला बाहेर ठेवतो, तसा तो ऑलिम्पिकपर्यंतही नेतो.

चोवीस विजय आणि एक विजय

आता गुणांचा प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहू, कारण एवढा एक हिशेब समजला की या व्यवसायातली बहुतेक कोडी सुटतात. एम-१५ स्पर्धेत सोळा जोड्या असतात. विजेतेपदासाठी सलग चार सामने जिंकावे लागतात. चारही जिंकले की १५ गुण मिळतात. पहिल्या फेरीत हरले तर शून्य.

ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत पहिली फेरी हरणाऱ्यालाही शून्यच मिळतो. पण पहिली फेरी जिंकून दुसरी हरली, तर ९० गुण मिळतात. म्हणजे ग्रँड स्लॅममधला एक विजय हा एम-१५ च्या सहा विजेतेपदांइतका असतो. सहा निरनिराळ्या गावांत सहा आठवडे खेळून, चोवीस सामने एकही न हरता जिंकून जे गुण मिळतात, तेवढे वरच्या माणसाला एका दुपारी मिळतात. वरच्या स्पर्धेत प्रतिस्पर्धी अधिक बलवान असतात हे खरे आहे आणि त्यासाठी गुण अधिक असणे रास्तही आहे. तरी चोवीसास एक हे प्रमाण पाहिल्यावर कळते की तळाचा खेळाडू चांगल्या जोडीदारासाठी इतका का धडपडतो. त्याला चोवीस सामन्यांची पायवाट टाळून त्या एका सामन्यापर्यंत पोहोचायचे असते.

पैशाचे गणित याहूनही तीव्र आहे. एम-१५ या नावातला १५ हा आकडा एकूण बक्षिसाचाही आहे: पंधरा हजार डॉलर. त्यातला मोठा वाटा एकेरीला जातो. दुहेरीच्या विजेत्या जोडीला साधारण ९३० डॉलर मिळतात, म्हणजे प्रत्येकी ४६५. आपल्या रुपयांत सुमारे चाळीस हजार. हे विजेत्यांचे झाले. बाकीच्यांच्या वाट्याला याहून कितीतरी कमी येते. उलट २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पुरुष दुहेरीची पहिली फेरी हरणाऱ्या जोडीला १६,५०० पौंड होते, म्हणजे प्रत्येकी ८,२५० पौंड, नऊ लाख रुपयांहून अधिक. एम-१५ ची बावीस-चोवीस विजेतेपदे मिळवावीत तेव्हा विम्बल्डनच्या पहिल्या फेरीतल्या एका पराभवाइतका पैसा हाती येतो. आणि त्याच विम्बल्डनमध्ये एकेरीची पहिली फेरी हरणाऱ्या एका खेळाडूला ६६,००० पौंड मिळाले, म्हणजे दुहेरीतल्या एकाच्या आठपट.

चाळीस हजारांतून काय काय निघते

नोकरदाराच्या पगारातून कापाकापी होऊन उरलेला पैसा घरी येतो. दुहेरीच्या खेळाडूच्या बक्षिसातून आधी व्यवसायाचाच खर्च निघतो आणि घराचा विचार नंतर होतो. समजा, एक भारतीय खेळाडू तुर्कस्तानात किंवा ट्युनिशियात तीन आठवडे लागोपाठ एम-१५ स्पर्धा खेळायला गेला. अशा ठिकाणी एकाच हॉटेलच्या आवारात आठवड्यामागून आठवडे स्पर्धा चालतात, म्हणून प्रवासखर्च वाचवायला खेळाडू तिथे जातात. जाण्यायेण्याचे विमानभाडे, व्हिसा, तीन आठवड्यांचे राहणे आणि जेवण हे सगळे त्याचे. वरच्या स्पर्धांत आयोजक काही रात्रींची खोली देतात, पण तळाला तसा भरवसा धरता येत नाही. त्याशिवाय रॅकेटचे गटिंग, म्हणजे तिच्या जाळीच्या तारा बांधून घेणे, आहे. गट रोज सैल पडत जाते आणि व्यावसायिक खेळाडू शक्यतो प्रत्येक सामन्याला ताजे गट घातलेली रॅकेट घेऊन उतरतो. दर वेळी तारेचे आणि मजुरीचे पैसे लागतात. अनेक देशांत बक्षिसाच्या रकमेतून कर जागेवरच कापून घेतात. तीन आठवड्यांतली एक स्पर्धा त्याने जिंकली आणि दोनमध्ये दुसऱ्या फेरीत हरला, तरी त्या दौऱ्यात पदरचे पैसे घालावे लागतात. प्रशिक्षकाला बरोबर नेणे तर दूरच राहिले.

मग हे खेळाडू तग कसे धरतात? काहींना घरचा आधार असतो. काही जण जर्मनी, फ्रान्स, इटलीतल्या क्लबांच्या सांघिक लीगमध्ये खेळतात. तिथे सामन्यामागे ठरलेला पैसा मिळतो आणि तो हरल्याने बुडत नाही. आपल्याकडे सार्वजनिक क्षेत्रातल्या तेल कंपन्यांनी अनेक टेनिसपटूंना नोकऱ्या दिल्या आहेत. कुणी दोन दौऱ्यांच्या मध्ये घरी आल्यावर मुलांना शिकवतो. अमेरिकन विद्यापीठाची शिष्यवृत्ती हाही एक मार्ग आहे. ती क्रमवारीतला प्रवास चार वर्षे लांबवते, पण हातात पदवी आणि अंगात सांघिक खेळाची सवय घेऊन माणूस बाहेर पडतो. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून आला. २०२५ मध्ये विम्बल्डनची पुरुष दुहेरी जिंकणारा ज्युलियन कॅश हाही त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी.

‘एकेरीत जमले नाही, म्हणून दुहेरी’ हे खरे आहे का?

या आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुहेरीतले बहुतेक खेळाडू एकेरीत सुरुवात करतात आणि तिथे ठराविक उंचीच्या वर जाता येत नाही असे दिसल्यावर दुहेरीकडे वळतात. पण त्यावरून दुहेरीला कमी कसब लागते असा निष्कर्ष काढणे चूक आहे. ख्याल गायनात नाव न झालेल्या माणसाने हार्मोनियमची उत्तम साथ केली, तर साथसंगत ही हलकी कला ठरत नाही.

बालेवाडीत चॅलेंजरच्या एका दुपारी मी मुख्य स्टेडियम सोडून बाजूच्या कोर्टवर दुहेरीचा सामना पाहत बसलो होतो. बघायला आम्ही वीस-पंचवीस माणसे होतो, त्यांतली निम्मी बहुधा इतर खेळाडू आणि त्यांचे सोबती. कोर्ट इतके जवळ होते की खेळाडूंच्या बुटांचा घासल्याचा आवाज स्पष्ट येत होता. नेटजवळचा खेळाडू प्रत्येक सर्व्हिसच्या आधी डावा हात पाठीमागे नेऊन जोडीदाराला खूण करत होता. मूठ म्हणजे तो जागेवर राहणार, उघडा पंजा म्हणजे सर्व्हिस पडताच आडवा झेपावणार. पाच-सहा गुण मी फक्त तो हातच पाहिला. पंजा उघडला की पुढच्या दीड सेकंदात काय होणार हे मला आधी कळत होते, आणि तरीही तो ज्या क्षणी हलायचा तो क्षण मला एकदाही अचूक ओळखता आला नाही. अर्धा क्षण आधी हलला तर समोरचा चेंडू त्याने सोडलेल्या जागेत घालणार, उशिरा हलला तर चेंडू हातातून जाणार. सर्व्हिस करणाऱ्यानेही चेंडू नेमका मधल्या रेषेजवळ टाकायला हवा, नाहीतर ती झेप फुकट. ज्याने हे वर्षानुवर्षे केलेले नाही, त्याला एकेरीतला उत्तम फटका असूनही या जागी उभे राहणे अवघड जाते. अमेरिकन ओपनमध्ये एर्रानी आणि वावास्सोरी यांनी हेच दाखवून दिले.

‘प्रेक्षकच येत नाहीत, तर पैसे कुठून द्यायचे?’

हा आक्षेप अधिक गंभीर आहे. तिकिटे आणि प्रक्षेपणाचे हक्क एकेरीतल्या नावांवर विकले जातात, ही वस्तुस्थिती आहे. आयोजकांच्या दृष्टीने दुहेरीची प्रत्येक जोडी म्हणजे दोन खोल्या, सरावाला कोर्ट आणि बक्षिसाचा वाटा. म्हणून दुहेरी आवरती घेण्याचे प्रयत्न अधूनमधून होत आले आहेत. २००५ मध्ये एटीपीने दुहेरीत एकेरीच्या खेळाडूंनाच प्राधान्य मिळेल असे बदल योजले, तेव्हा दुहेरीचे खेळाडू अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. तडजोड होऊन दुहेरी वाचली, पण सामने आटोपशीर करण्यात आले. आता ग्रँड स्लॅम वगळता एटीपीच्या दौऱ्यावर ४०-४० झाले की पुढचा एकच गुण त्या गेमचा निकाल लावतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टाय-ब्रेक खेळवतात, म्हणजे किमान दोन गुणांच्या आघाडीने जो आधी दहा गाठेल तो जिंकतो.

प्रेक्षकाला हे सुटसुटीत वाटते. खेळाडूच्या बाजूने पाहिले, तर यामुळे नशिबाचा वाटा वाढला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटीच्या २५० दर्जाच्या स्पर्धेत अर्जुन कढे आणि रित्विक बोल्लिपल्ली अंतिम सामना खेळले. पहिला सेट त्यांनी ३-६ असा गमावला, दुसरा टाय-ब्रेकवर घेतला आणि शेवटचा टाय-ब्रेक १४-१२ असा जिंकला. कढेचे एटीपी दौऱ्यावरचे ते पहिले विजेतेपद होते आणि तेव्हा तो तीस वर्षांचा होता. विजेत्याचे २५० गुण म्हणजे एम-१५ ची जवळजवळ सतरा विजेतेपदे. चौदा आणि बारा यांतले दोन गुण इकडचे तिकडे झाले असते, तर क्रमवारीच्या त्या गुणांपैकी शंभर हातचे गेले असते.

पैशाबाबत एक तफावत मला विशेष खटकते. एटीपीने २०२४ पासून ‘बेसलाइन’ नावाची किमान उत्पन्नाची हमी सुरू केली. एकेरीत पहिल्या शंभरातल्या खेळाडूचे वर्षाचे उत्पन्न तीन लाख डॉलरपेक्षा कमी भरले तर फरक एटीपी देते. पुढच्या दोन टप्प्यांना त्याहून कमी रकमेची हमी आहे आणि ती एकेरीच्या २५० व्या क्रमांकापर्यंत जाते. योजना चांगली आहे, तिच्यामुळे अनेक खेळाडूंच्या डोक्यावरचा भार उतरला असेल. परंतु दुहेरीच्या क्रमवारीला ती लागू नाही. दुहेरीत जगात साठावा असलेला माणूस त्या हमीच्या बाहेर आहे. एकेरीइतका पैसा दुहेरीला मिळावा अशी मागणी मी करणार नाही, पण खेळताना दुखापत झाली तर वर्ष कसे काढायचे हा प्रश्न दोघांचा सारखाच असतो.

शिवाय प्रेक्षक येत नाहीत हे विधान सर्वत्र खरे नाही. पुण्या-मुंबईच्या जिमखान्यांत सकाळी साठी ओलांडलेली मंडळी जे टेनिस खेळतात ते दुहेरीच असते. त्यांना बोपण्णाची व्हॉली आपल्या खेळाच्या अधिक जवळची वाटते. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि महेश भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम सामन्यात पोहोचले आणि त्यांतल्या फ्रेंच व विम्बल्डन जिंकले, तेव्हा आपल्याकडे टेनिस म्हणजे दुहेरी असाच अर्थ काही काळ झाला होता.

‘इतके कठीण आहे, तर सोडून का देत नाहीत?’

पुष्कळजण सोडतात. त्यांची नावे आपल्याला कळत नाहीत, कारण क्रमवारीत आडनावापुढचा आकडा फुगत जातो आणि एके दिवशी नावच दिसेनासे होते. फिनलंडचा हॅरी हेलिओव्हारा असाच बाहेर पडला होता. दुखापतींमुळे त्याने २०१३ च्या सुमारास खेळणे थांबवले आणि काही वर्षे हेलसिंकीच्या विमानतळावर नोकरी केली. पुढे तो परत आला, फक्त दुहेरीसाठी. त्याचा जोडीदार इंग्लंडचा हेन्री पॅटन. हा विद्यार्थिदशेत विम्बल्डनमध्ये सामन्यांची आकडेवारी टिपण्याचे काम करत असे. या दोघांनी २०२४ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्यांचे तीन मॅच पॉइंट, म्हणजे जिंकले असते तर सामना संपवणारे गुण, वाचवून विजेतेपद मिळवले आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकली.

अशी उदाहरणे एकेरीत फार विरळा घडतात. दुहेरीत ती घडतात याला शारीरिक कारण आहे. निम्मे कोर्ट सांभाळायचे असते, गुण लवकर संपतात, त्यामुळे पायांवरचा ताण कमी पडतो आणि अनुभवाची किंमत वयाबरोबर वाढत जाते. बोपण्णाने २०२१ मध्ये लागोपाठच्या पराभवांनंतर निवृत्तीचा विचार केला होता. गुडघ्यांची झीज झाली होती, अय्यंगार पद्धतीच्या योगाभ्यासाचा त्याने आधार घेतला आणि २०२४ च्या जानेवारीत मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून तो वयाच्या ४३ व्या वर्षी दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला. दीडशेव्या क्रमांकावरच्या तिशीतल्या खेळाडूला हा हिशेब ठाऊक असतो. एकेरीतल्या तिशीच्या खेळाडूपुढे दोन-चार वर्षे असतात, याच्यापुढे दहा असू शकतात. दहा वर्षांत एखादा चांगला जोडीदार मिळेल, ही आशा वेडी म्हणता येत नाही.

बालेवाडीच्या त्या सामन्यात खुणा करणारी जोडी टाय-ब्रेकमध्ये हरली. समोरच्यांशी आणि पंचांशी हस्तांदोलन करून दोघे बाकावर बसले. एकाने रॅकेटच्या मुठीवरची ओली पट्टी उलगडून काढली, दुसरा फोनवर काही पाहत होता. थोड्या वेळाने त्याने फोन जोडीदारापुढे धरला, दोघांनी मिळून काही आकडे मोजले आणि मान हलवली. मी बसलो होतो तिथून पडदा दिसत नव्हता, त्यामुळे बेरीज पुढच्या स्पर्धेपुरती भरली की नाही, ते मला कळले नाही. बॅगा उचलून ते एकत्रच बाहेर गेले.